शेजारच्या सीटवरची पिशवी

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. नव्या तेलानं तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं).

तुमच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन मंगळवारी आहे आणि आदल्या रविवारी त्यांना आपली ती म्हातारी दोन सीटची स्पोर्ट्स कार रेसच्या ट्रॅकवर न्यायची आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. त्यावर यांनी शहाण्यासारखी मान डोलावली (ती डोलणारी मान किती धोक्याची ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय) आणि घरी येऊन थेट गॅरेज गाठलं, चाकं जुळवायला. यांना रागवू शकेल असं जगात आता एकच माणूस उरलंय, म्हणून हे पत्र.

चाकं जुळवायची म्हणजे सरळ करायची, असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटायचं. ट्रॅकसाठी ती मुद्दाम वाकडी करतात. वरची कड आत झुकवायची, म्हणजे वळणावर गाडी कलली की टायर सपाट टेकतो. पुढची चाकं केसभर बाहेर फाकवायची, म्हणजे गाडी वळणात चटकन शिरते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला खडूच्या रेघेवर उभ्या करायच्या आणि पाय फाकले की लाकडी पट्टी बसायची. त्यांनी या गाडीला वर्गाबाहेर काढलं असतं.

गाडीच्या दोन्ही अंगांना दोरा ताणायचा आणि दोऱ्यापासून चाकाच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. त्या वेळी चालकाच्या सीटवर चालकाचं वजन हवं, नाहीतर माप खोटं. चालक गाडीखाली, म्हणून त्यांच्या जागी मी, आणि आमच्या वजनातला फरक भरून काढायला माझ्या मांडीवर वाळूची पिशवी. वीस वर्षं मी अशी बसत आले आहे (हलायचं नाही, शिंकायचं नाही, विणकाम चालेल). माझं वजन वाढत गेलं तशी ते पिशवीतली वाळू कमी करत गेले. त्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. याला मी प्रेम समजते.

परवा बसले आणि सवयीनं हात पुढे केले. हे म्हणाले, "पिशवी नको आज." वन्सं, म्हणजे माणूस आता माझ्याएवढाच उरला? डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून उतरले, ते दोऱ्यात पाय अडकून बोल्टच्या डब्यावर. "अगं, तासाभराचं काम गेलं!" असं हे गाडीखालून ओरडले. मग त्यांना उठता येईना. दोन्ही हात धरून ओढलं, तर इतके अलगद वर आले की मीच मागे कोलमडत होते.

आणि बसताना ध्यानात न आलेलं मग दिसलं, की एरवी रिकामी असणाऱ्या शेजारच्या सीटवर भलीमोठी पिशवी पट्टा लावून बसवली आहे. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, बावन्न. "ही कशाला?" तर म्हणे, "असू दे."

संध्याकाळी इस्पितळाचे कागद लावताना यांचं वजन वाचलं. बावन्न किलो. म्हणजे पिशवी हे स्वतः होते. आणि चालकाच्या सीटवर बिनपिशवीची बसलेली मी, ती मीच होते. गाडी त्यांनी माझ्या वजनावर जुळवली होती.

जाब विचारला. म्हणाले, "डॉक्टर चालवू नका म्हणाले. शेजारी बसू नका असं कुठे म्हणाले?"

"अहो, मी भाजी आणायला जाते तेव्हासुद्धा तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही!"

"ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. तुला सोपं जाईल."

या माणसाला कुणीतरी आवरायला हवं. तुम्ही लगेच या, कान धरा, आणि हे खूळ डोक्यातून काढा.

तुमची,
भावजय

ता. क. रागावू नका. पण शनिवारीच या, आणि येताना तुमचे ते पातळ तळव्यांचे कापडी बूट आणा. आपलं माप एकच आहे. माझ्या चपला पेडलवरून सटकतात. काल शाळेमागच्या मोकळ्या पटांगणावर तीनदा सटकल्या.

ता. क. २. पिशवी अजून सीटवरच आहे. पट्टा नेमका त्यांना दुखतं तिथेच येत होता. मी तो बोटभर सैल केला.