रेलिंगच्या आधी टेबल

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.४०

बाबा २२ तारखेला येणार. भिलाईहून अपर्णाने फोन करून सांगितलं, तेही डॉक्टरांना विचारून. अपर्णा माझी बहीण. एक गोष्ट तीनदा विचारते. म्हणजे बातमी पक्की.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय. पण डॉक्टर म्हणाले, आता परत पडले तर उठायचे नाहीत. हे वाक्य अपर्णाने दोनदा सांगितलं.

माझ्या बायकोने, सरिताने, बाबांच्या पलंगापासून संडासापर्यंत त्यांच्यासारखी लहान पावलं टाकत चालून पाहिलं. अकरा पावलं. मध्ये धरायला काही नाही, नुसती भिंत. तिचं म्हणणं, स्टीलवाल्याला बोलवा, दोन तासांत रेलिंग लावून जातो.

मी नाही म्हटलं. एकतीस वर्षं रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये सुतारकाम केलेला माणूस रोज सकाळी उठून थंड नळी धरणार नाही. रेलिंग लाकडाचं होईल आणि मी करीन. लाकूड घरात आहे. बाबांनी स्वतः बनवलेल्या सागवानी पलंगाच्या दोन लांब पट्ट्या. पलंग मोडला तेव्हा मी जपून ठेवल्या. (सरिता म्हणते, माळ्यावर राहून गेल्या.)

एकोणीस दिवस. भरपूर.

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी

पट्टीच्या कडा गोल करायच्या, म्हणजे हाताला लागणार नाहीत. त्यासाठी राउटर हवं, लाकडाच्या कडा कोरणारं विजेचं मशीन. ते माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे, खोक्यात.

आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीत नत्थू मिस्त्रीकडे गेलो. आमचं स्वयंपाकघर त्यानेच केलं होतं. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, हाथ में पकड़ के चला दो साहब, दस मिनट का काम है।

कामचलाऊ पद्धत. व्हिडिओत सगळे जाणकार राउटर टेबलाखाली उलटं टांगतात. बिट, म्हणजे फिरतं पातं, वर डोकावतं, लाकूड वरून सरकवायचं. कड एकसारखी येते. म्हणून आधी टेबल, मग रेलिंग. बाल्कनी छोटी, म्हणून टेबल उचलून नेता येईल असं. नत्थूला हे समजावून सांगितलं. तो हव म्हणाला, म्हणजे हो. इथले लोक पटलं नाही तरी हव म्हणतात.

बावीस वर्षं मी ऑफिसचा मासिक प्रगती अहवाल लिहितोय. कोणतंही काम अवघड नसतं. टप्पे पाडावे लागतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

टेबलाचा टप्पा जोरात. प्लाय आणि पाय नत्थूने कापले, मी मार्गदर्शन केलं. पाय सरळ हवेत असं माझं मत होतं. त्याने ते थोडे बाहेर तिरपे लावले. म्हणाला, सीधा रखोगे तो धक्के में गिरेगा। वाद घालत बसलो नाही.

टेबल उचलायला दोन बाजूंना हाताची भोकं पाडली. त्यांच्या कडा खरखरीत होत्या, म्हणून राउटर हातातच धरून फिरवलं आणि गोल केल्या. दहा मिनिटं लागली. बऱ्या झाल्या. पण ते किरकोळ काम.

८ फेब्रुवारी, रविवार

राउटर उलटं टांगलं. बिट वर येत नाही. प्लाय जाड पडलं. भोकात वाकून पाहिलं तर बिटाचं टोक दिसतं, चार मिलिमीटर असेल.

दुपारी सरिताने विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, साठ टक्के. तिने दाराआड उभ्या दोन पट्ट्यांकडे पाहिलं. म्हणाली, मी टेबलाचं नाही, रेलिंगचं विचारून राहिले.

सरिता बँकेत आहे. तिला टप्पे कळत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तोडगा सापडला. प्लायमध्ये मोठं चौकोनी भोक, त्यात पातळ पण कडक पट्टी बसवायची आणि राउटर त्या पट्टीला. ऑफिस नवा रायपुरात गेलं तेव्हा माझ्या टेबलावरची जुनी पाटी मी घरी आणली होती. ॲक्रिलिकची, सहा मिलिमीटर, जणू याच कामाची. 'शिरीष मेश्राम, उप संचालक'. बिटाचं भोक पाडलं ते नेमकं 'उप' वर आलं. आता नुसतं संचालक. सहज झालं.

बिट छान वर येतं. टेबल नव्वद टक्के.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे गुलाबराव आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणाले, मेश्रामजी, तुमी वर काय विमान चालू करून राहिले काय? दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं ठरलं. मी सहकार्याचं आश्वासन दिलं.

अपर्णाचा फोन. बाबा रोज विचारतात, शिरीष काय करून राहिला? सरिताने सांगितलं, टेबल. बाबा म्हणाले, काहून?

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही. प्रत्यक्ष दाखवीन.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १

पट्टी क्रमांक एकचं काम सुरू केलं. त्यानंतर थांबवलं. कारण पट्टी आता घरात नाही.

घडलं ते असं. नत्थूने सांगितलं होतं, मशीन उलटी टांगी है तो लकड़ी भी उलटी तरफ से देना, दाएँ से बाएँ। मी डावीकडून दिली. मी उजवा आहे, मला तसं सोयीचं पडतं. बिटाने पट्टी धरली आणि माझ्या हातातून ओढून घेतली. किती वेगाने, ते सांगता येणार नाही. मी पाहिलं तेव्हा बाल्कनीच्या ग्रिलची फट रिकामी होती आणि खालून काचेचा आवाज आला.

गुलाबराव वर आले. रागावले नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, माझी गाडी उभी होती बा, अन् तिच्यात पलंग घुसला. मागची काच गेली. पट्टी मधोमध उभी चिरली.

गाडीच्या मागे त्यांच्या बायकोने पापड वाळत घातले होते. ती पाच मिनिटांपूर्वीच उठून आत गेली होती. हे त्यांनी जाताना दारात सांगितलं.

मी पूर्ण शांत होतो. मशीनचा प्लग तीनदा काढून पाहिला, तो नियम म्हणून.

१५ फेब्रुवारी, रविवार

आढावा. टेबल शंभर टक्के यशस्वी. ते जागचं हललंदेखील नाही. दोष दिशेचा होता.

आता एकच पट्टी. सहा फूट. उद्दिष्ट थोडं बदललं: पहिली सहा पावलं रेलिंग, पुढची पाच भिंत. सरिताला आराखडा दाखवला. तिने कागद पाहिला आणि विचारलं, म्हणजे बाबांनी अर्ध्या रस्त्यात पडायचं?

मी म्हटलं, हा पहिला टप्पा आहे.

ती चप्पल घालून बाहेर गेली. तासाने आली. कुठे गेली होती ते सांगितलं नाही. भाजी आणली नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून रजा घेतली, चार दिवस. सकाळी सुरक्षा तपासणी. वायर पाहिली, बिट पाहिलं, ग्रिलच्या फटीला पुठ्ठा लावला. पट्टी टेबलावर ठेवली, उजवीकडून. बटन दाबलं. बंद केलं. परत दाबलं. बंद केलं.

मग दोन वाजले आणि सेक्रेटरींना दिलेला शब्द पाळावा लागला.

चारनंतर उजेड तिरपा येतो. अशा उजेडात अचूक काम होत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.१०

बाबा रविवारी नाही, शुक्रवारी येतायत. परवा. अपर्णा म्हणाली, ऐकतच नाहीत, म्हणतात माह्या पोराच्या घरी जातो. वॉकरही नको म्हणतात, म्हणे चार पायाचं लोखंड घेऊन म्या फिरत नाही. काल अपर्णाच्या बाथरूममध्ये दाराची चौकट धरून उभे राहिले होते. ती चहा करत होती. गेली तेव्हा हात घसरत होता.

अपर्णाने मला विचारलं, रेलिंग लागलं ना दादा?

मी म्हटलं, काम प्रगतीपथावर आहे.

हे वाक्य मी आजवर अनेक पुलांबद्दल लिहिलंय. बहिणीला पहिल्यांदाच बोललो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सहाला उठलो. टेबलासमोर उभा राहिलो. पट्टी हातात घेतली. पट्टीच्या टोकाला बाबांनी पटाशीने कोरलेली छोटी खूण आहे, डावी बाजू ओळखायला. तिच्याकडे पाहत राहिलो. मशीन सुरू केलं नाही. खुणेमुळे, बाकी काही नाही.

सरिता म्हणाली, राहू द्या गोल, आहे तशी ठोका भिंतीवर. तिचा आवाज खाली होता. ती अशी बोलते तेव्हा मला जास्त भीती वाटते. मी सांगितलं, चौकोनी कड हाताला लागते, बाबांना असलं काम चालणार नाही. ती म्हणाली, बाबांना पडलेलं चालतं का?

संध्याकाळी टेबल पुसून बाबांच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवलं. पाटी वर, राउटर खाली. आल्याबरोबर दिसलं पाहिजे. रेलिंगबद्दल बोलणं निघायच्या आत टेबलाबद्दल बोलता येईल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

बाबा आले, ३.४० ला. लिफ्टने वर, अपर्णा सोबत. वाळलेत. पलंगावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, मले जाऊन येऊ दे.

अपर्णा एका बाजूला, सरिता दुसऱ्या. पॅसेजमध्ये तीन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत, हे आम्ही कोणीच मोजलं नव्हतं. अपर्णा मागे सरकली. तिसऱ्या पावलाला बाबांचा गुडघा वाकला. सरिताच्या हातातून त्यांचा दंड निसटला. मी समोर उभा होतो. मला पाय उचलता आला नाही. हे इथे लिहून ठेवतो.

बाबांनी टेबल धरलं. दोन्ही हात, दोन्ही बाजूंच्या भोकांत. टेबल हललं नाही. ते तसेच उभे राहिले, मान खाली.  मग त्यांनी टेबल बोटभर पुढे सरकवलं. एक पाऊल टाकलं. खाली टांगलेलं राउटर त्यांच्या गुडघ्याला लागलं.

म्हणाले, हे खालचं लटकलेलं काय आहे? काढा ते.

सरिता फरशीवर बसली. स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात कुठून आला मला माहीत नाही. चार स्क्रू. मला बसवायला दोन दिवस लागले होते, तिने दोन मिनिटांत काढलं.

मग बाबा टेबल सरकवत गेले. मी मागे चालत मोजत होतो. पलंगापासूनची धरून संडासापर्यंत नऊ पावलं. सरिताने जास्तच लहान टाकली असावीत.

चहाच्या वेळी त्यांनी टेबल पलंगाजवळ ठेवायला लावलं. पाटी वाचली. विचारलं, उप कुठं गेलं? मी म्हटलं, भोकात.  त्यांनी हाताच्या भोकावरून अंगठा फिरवला. म्हणाले, हे हाताले बरं आहे. कसं केलं? मी सांगितलं, राउटर हातात धरून. त्यांनी विचारलं, किती वेळ लागला? मी म्हटलं, दहा मिनिटं. ते म्हणाले, मंग पट्टीही तशीच करायची होती. टेबल कायले?

मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याऐवजी त्यांचा कप टेबलावर ठेवला.

दाराआडची पट्टी त्यांना दिसलीच. खूण ओळखली. दुसरी कुठं आहे? मी सगळं सांगितलं. गाडीचं, काचेचं, पापडांचंही. पापडांचं अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. सरिता माझ्याकडे पाहत राहिली. बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, कोणाले लागलं नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मंग लाकूडच गेलं. लाकूड जाते.

मी म्हटलं, उरलेल्या पट्टीचं रेलिंग उद्या नक्की करतो. तेव्हा सरिताने सांगितलं. रेलिंग तयार आहे. रविवारी ती पुरानी बस्तीतच गेली होती. नत्थूने सरईच्या, म्हणजे सालाच्या, लाकडाचं अख्खं अकरा पावलांचं रेलिंग बुधवारी संपवलं, हातात राउटर धरून. बाबा रविवारी येणार म्हणून त्याला शनिवार दिला होता. बाबा दोन दिवस आधी येतायत कळल्यावर तिने फोन केला, पण तो लग्नाला धमतरीला गेला होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुमी साठ टक्के सांगत होते.

बाबा म्हणाले, सरई चांगली, वाकत नाही. रेलिंग लागलं तरी हे टेबल मी देणार नाही, यावर चहाही ठेवता येतो. मशीन खोक्यात ठेवायला सांगितलंय. ठेवलं.

उद्या अकराला नत्थू रेलिंग लावायला येतोय. दुजोरा सरिताचा. त्याआधी माझ्याकडे एक काम दिलंय: टेबल फरशीवर आवाज करतं, पायांना रबराची बुचं लावायची. बाबांनी बोट ठेवून मोजून दाखवलं, चार. दुकान दहाला उघडतं. सरिता सोबत येणार आहे.