सरकत्या छपराचा भावी ऑपरेटर

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मोठं व्हायच्या आधीच सुरू केलेली बरी, नंतर आठवत बसावं लागत नाही.

बातमी अशी की मास्तर महिनाअखेर जाणार. मास्तर म्हणजे आमच्या टेनिस क्लबचं सरकतं छप्पर चालवणारा म्हातारा ऑपरेटर. गुडघे गेले त्याचे. मॅनेजर मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की बाहेरचा माणूस घ्यायचा नाही, आपल्यातलाच एक तयार करायचा. नाव तेवीस तारखेच्या फायनलनंतर. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा होतो आणि त्यांना बाहेर जायचं होतं, ते वेगळं. बघितलं हे खरं.

माझं कॉन्ट्रॅक्टसुद्धा महिनाअखेरच संपतं. याला योग म्हणतात. ऑपरेटर झालो तर पक्की नोकरी आणि स्वतःची खोली. नाही झालो तर घरी परत, दाजींच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखायला. पण 'नाही झालो तर' हा विषयच नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

संकल्प: लवकर उठणे. मॅन्युअल वाचणे. मास्तरशी गोड बोलणे.

४ मार्च, मंगळवार

उठायला उशीर. मास्तर आधीच रुळापाशी. गोड बोलायला गेलो तर त्याने हातात झाडू दिला.

छपराची माहिती लिहून ठेवतो, पुढे मुलाखतीला लागेल. दोन कोर्टांवर पाच कमानी. डब्यात डबा बसावा तशा एकीत एक शिरतात, की वर मोकळं आभाळ. बाहेर ओढल्या की छप्पर. खाली दोन्ही बाजूंना जमिनीत रूळ, रुळात चाकं, दोन्हीकडे एकेक मोटर. मोटर सगळ्यात पुढच्या कमानीला ओढते, ती मागचीला, ती तिच्या मागचीला. शेवटची सगळ्यात मोठी, ती जागची हलत नाही, बाकीच्यांना पोटात घेऊन नुसती उभी. ऑफिसातही असे असतात.

हलवायच्या आधी खिट्ट्या काढायच्या. दोन्ही रूळ चालत जाऊन झाडायचे. खांबावरची वाऱ्याची चक्री बघायची, वारा जास्त असला तर पॅनेल मोटर चालूच होऊ देत नाही. मग बटण दाबायचं. म्हणजे दाबून धरायचं. सोडलं की छप्पर थांबलं.

सध्या माझ्याकडे झाडू. घरी मी 'टेक्निकल साइड' असं सांगितलंय. रूळ ही टेक्निकलच साइड आहे.

मॅन्युअल उद्यापासून.

७ मार्च, शुक्रवार

घरी फोन. ताईला सांगितलं की ऑपरेटरचं नक्की झालं. नक्कीच आहे, जाहीर व्हायचं तेवढं बाकी. दाजींनी फोन हिसकावून घेतला. म्हणाले, छप्पर नीट लागतं ना, कारण आमच्या मोरीचं दार तू दुरुस्त केल्यापासून लागत नाही. मी हसलो नाही. मोठ्या माणसाने हसायचं नसतं.

आज मास्तरने पहिल्यांदा बटण माझ्या अंगठ्याखाली दिलं. छप्पर निघालं. फार हळू. एवढ्या वेळात माणूस अंघोळ करून येईल. मी सहज दोन नंबरच्या कोर्टाकडे बघत होतो, तिथे एक मेंबर पडत पडत सर्व्हिस करत होते. मास्तरने माझा हात बटणावरून उडवला. छप्पर थांबलं.

मास्तर म्हणाला, "बटण तर दगड ठेवला तरी दाबलं जातं. माणूस उभा केलाय तो बघायला. तुला बघायचं नसेल तर मी दगड आणतो."

म्हातारी माणसं निरोप जवळ आला की हळवी होतात. मनावर घेतलं नाही.

११ मार्च, मंगळवार

रिसेप्शनवर बसते ती मुलगी आज ड्यूटी संपल्यावर रुळापाशी आली. मुद्दाम. मला विचारलं, डावी बाजू मागे राहिली आणि उजवी पुढे गेली तर काय होतं? मी सगळं समजावलं. दोन्ही मोटरींचं अंतर पॅनेल मोजत असतं, फरक पडला की बझर वाजतो आणि छप्पर थांबतं, नाहीतर ते तिरकं होऊन रुळात अडकेल. जे माहीत होतं ते सांगितलं, जे नव्हतं तेही सांगितलं. ती फोनमध्ये लिहून घेत होती. माझं बोलणं याआधी कुणी लिहून घेतलेलं नाही.

मग मॅन्युअल मागितलं. उशीखाली होतं, त्याने उशीची उंची बरोबर यायची. देऊन टाकलं. काहीतरी भेट द्यायचीच होती.

मान दुखणार आता. प्रेमात एवढं चालायचं.

१४ मार्च, शुक्रवार

मेंबर लोकांचा वैताग. दाताचे डॉक्टर येतात, त्यांना आभाळ हवं पण ऊन नको. वकीलबाईंना हवा हवी पण वारा नको. डॉक्टर म्हणाले छप्पर अर्धं ठेव, ऊन तिकडे सावली इकडे. मास्तर नाही म्हणाला. छप्पर एकतर पूर्ण उघडं आणि खिट्ट्या लावलेलं, नाहीतर पूर्ण बंद आणि खिट्ट्या लावलेलं. अर्धवट छपरात वारा शिरला की तो ते उचलायला बघतो. डॉक्टर चिडले. मी मास्तरच्या मागे उभा राहून मान हलवली, अशी की दोघांनाही हो वाटावं.

मी ऑपरेटर झाल्यावर मेंबरांचं ऐकणार. सेवा म्हणजे सेवा.

१६ मार्च, रविवार

शोध लावला!

मास्तर गुडघ्याच्या डॉक्टरकडे. छप्पर माझ्यावर. बटण धरून धरून अंगठा बधिर. हा सरळसरळ डिझाइनचा दोष आहे. रॅकेटच्या मुठीला गुंडाळतात ती टेप घेतली, बटण दाबलं, वरून टेप करकचून आवळली. छप्पर आपलं आपण चालत गेलं, टोकाला पोचलं, तिथल्या स्विचला लागून आपलं आपण थांबलं. मी खुर्चीवर बसून चहा प्यायलो. कंपनीला हे कसं सुचलं नाही? सगळे शिकलेले असतील.

म्हणजे छप्पर चालवायला माणूस लागतच नाही, हे मी आज सिद्ध केलं.

(हे मॅडमना सांगायचं नाही.)

संध्याकाळी रिसेप्शनवालीने टेप बघितली. काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, असं करायचं नाही हे मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर आहे, चित्रासकट. काळजी करते. चेहऱ्यावर दाखवत नाही, पण करते.

१९ मार्च, बुधवार

आज मध्येच बझर. डाव्या रुळात टेनिसचा बॉल होता म्हणे. जाऊन कोण बघणार. रिसेट दाबलं, परत बटण दाबलं, छप्पर बॉलला चपटा करून पुढे गेलं. बझर म्हणजे मशीनची कुरकुर. लक्ष दिलं नाही की गप्प होते. आमच्या घरात वडील हेच करतात आणि त्यांचं चांगलं चाललंय.

रूळ झाडणे हे काम खालच्या माणसाकडे द्यायला हवं. खालचा माणूस सध्या मीच. लवकरच नेमतो कुणाला तरी.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडमनी फायनलची वाटणी सांगितली. सकाळी छप्पर उघडणं रिसेप्शनवालीकडे. पाऊस आला तर बंद करणं माझ्याकडे. दोघांचं काम बघून मग नाव. म्हणजे तिनेसुद्धा नाव दिलंय! मला वाईट वाटलं. तिच्यासाठी. माझ्या जवळ राहायला मिळावं म्हणून बिचारीने हरणारी बाजू घेतली.

ती मला सांगून गेली की मॅच चालू असताना बॉल रुळात जातात, बंद करण्याआधी दोन्ही बाजू चालून ये. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघूच नको, चालून ये. बोलण्यात हक्क आलाय आता.

माझी योजना: पाऊस येणार हे फोनवर दाखवतंय. पाहुणे, मेंबर, मालक, सगळे बसलेले. थेंब पडला की मी बटणाला टेप लावणार आणि कोर्टाच्या कडेला येऊन उभा राहणार. इस्त्रीचा शर्ट. हात वर करणार. छप्पर माझ्या हाताबरोबर पुढे येईल. लोक उभे राहतील. त्याचा फोटो दाजींना.

२३ मार्च, रविवार. सकाळी

तिने उघडलं. आधी दोन्ही रूळ चालली, मग वाऱ्याची चक्री बघितली, मग बटण धरून शेवटपर्यंत उभी. नजर रुळावर. माझ्याकडे एकदाही नाही. स्टाइल शून्य. मास्तर पाहुण्यांच्या खुर्चीत बसून मान डोलवत होता, त्याला डुलकी लागली असणार.

२३ मार्च, दुपारी

ढग आले. शर्ट झकास. टेप खिशात.

२३ मार्च, संध्याकाळी

जे झालं ते शांतपणे लिहितो. उद्या लोक काहीही सांगतील.

थेंब पडला. पंचांनी मॅच थांबवली, खेळाडू आपापल्या खुर्चीत बसले. मी खिट्ट्या काढल्या. त्यात माझी चूक कुणी काढू शकत नाही. बटण दाबलं, टेप लावली, कोर्टाच्या कडेला आलो, हात वर केले. छप्पर आलं! लोकांनी बघितलं. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने टाळी वाजवली. निदान पाव छपरापर्यंत मी यशस्वी होतो, याची नोंद राहावी.

मग बझर. अर्ध्यावर.

डाव्या रुळात बॉल. कुणाचा तरी. बॉल खेळणाऱ्यांचे असतात, माझे नसतात. मी पळत पॅनेलपाशी गेलो आणि रिसेट दाबलं. आता बटणाला टेप होती हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहील? रिसेट झालं तशी मोटर लगेच सुटली. छपराने हिसका दिला, आणि डावं चाक बॉलवर चढून रुळाबाहेर आलं. मोठा आवाज झाला. तेवढ्यात वारा वाढला आणि पॅनेलने मोटरच बंद करून टाकली.

छप्पर अर्ध्यावर तिरकं. पाऊस जोरात. एक खेळाडू कोरडा बसून केळं खातोय, दुसरा धो धो भिजतोय. मालक भिजलेल्या बाजूला. दाताचे डॉक्टर कोरड्या बाजूला, त्यांनी मला अंगठा वर करून 'झकास' अशी खूण केली. वारा छपराखाली शिरून पत्रा धडधडायला लागला तेव्हा तेच डॉक्टर सगळ्यात आधी पळाले.

मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं. मास्तर त्या गुडघ्यांवर खुर्चीतून उठला. त्याने आणि माळ्याने पहार घालून चाक परत रुळात बसवलं. मग मोटरींना लोखंडी हँडल लावली, डावीकडे मास्तर, उजवीकडे रिसेप्शनवाली. ती मोठ्याने आकडे म्हणत होती, दोघं एका तालात फिरवत होती, कारण एकाने घाई केली तर परत तिरकं. असं हाताने पार शेवटपर्यंत आणलं. तिच्या हाताला फोड आले.

मी देखरेख केली.

खिट्ट्या लावून झाल्यावर मास्तर माझ्याजवळ आला. वाटलं ओरडेल. भिजलेला, धापा टाकत होता. पॅनेलवरची टेप सोडवली आणि माझ्या खिशात घातली. एवढंच म्हणाला, "दगड आणायला हवा होता."

२४ मार्च, सोमवार

मॅडमच्या केबिनमध्ये. मी बॉलचा मुद्दा मांडला. वाऱ्याचा मांडला. पंचांनी मॅच उशिरा थांबवली हाही मांडला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, रूळ चाललास का? मी म्हटलं, आज जाऊन येतो.

विचार करून नाव सांगते म्हणाल्या. विचार करायचाय, म्हणजे आशा आहे.

२६ मार्च, बुधवार

रिसेप्शनवाली ऑपरेटर झाली.

कंपनीचा मेकॅनिक येऊन पॅनेल बदलून गेला. आता दोन बटणं, एकमेकांपासून लांब, दोन्ही हातांनी एकाच वेळी धरायची. आणि बटण दाबलेलं असताना रिसेट केलं तर छप्पर हलतच नाही. म्हणजे माझ्यामुळे एका मोठ्या कंपनीने डिझाइन बदललं. कुणी नाव घेतलं नाही. नाही, घेतलं. मेकॅनिकने विचारलं, टेप कोणी लावली होती? सगळ्यांनी एकदम माझं नाव घेतलं. त्याने माझ्याकडून टेप मागून घेऊन फोटो काढला. नवीन लोकांच्या ट्रेनिंगमध्ये दाखवणार आहेत.

माझं काम ट्रेनिंगमध्ये! हे घरी सांगता येईल. कसं, ते ठरवतो.

३१ मार्च, सोमवार

कॉन्ट्रॅक्ट संपलं. सामान एका बॅगेत बसलं. मास्तरही आजच गेला, त्याला हार. मॅडमनी माझ्याशी हात मिळवला, तो लगेच पुसला, पण त्यांना सवयच आहे तशी.

रिसेप्शनवाली भेटायला आली. आता ऑपरेटर म्हणायला हवं. हाताला पट्ट्या. म्हणाली, तुझ्याकडून मी खूप शिकले. पुढेही काहीतरी बोलत होती, पण माझी बस होती.

ताईला फोन केला, बदली झाली म्हणून सांगितलं. तिने विचारलं कुठे. म्हटलं, घरी.

९ एप्रिल, बुधवार

दाजींचं दुकान. सकाळी खिळे, दुपारी स्क्रू. शिवाय शटर. सकाळी वर ढकलायचं, रात्री खाली ओढायचं, दोन्ही वेळा मीच. फार जड आहे, खांदे भरून येतात. आज दाजींना म्हटलं, याला मोटर बसवून घ्या, बटण दाबलं की काम, आणि चालवायला अनुभवी माणूस घरातच आहे. दाजी खिळ्यांचं वजन करत राहिले.

जेवताना ताईने सांगितलं की मोटरची ऑर्डर मागच्या महिन्यातच दिली होती. मी परत येतोय हे कळल्यावर दाजींनी ती रद्द केली.