आखाजीच्या गाठी

बुध. ४ मार्च
अशोकने बोरची गाडी सांगून टाकली. आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की येणार. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. "माय, बठ्ठं गाव बोर मारी ऱ्हायनं, आपनच काबर बसानं?" केळीला पाणी पुरत नाही, खरंय. म्हटलं, बोरने विहीर आटली तर आखाजीची घागर काय तुझ्या फोनमधून भरू?
मुलगा माझाच. तोंडही माझंच घेतलंय.

सोम. ९ मार्च
जळगावहून भूजल खात्याच्या मॅडम आल्या. विहिरी मोजत फिरतात. माझ्या नातीएवढ्या. "अक्का, पूर्वी पाणी कुठवर असायचं?" म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला काय विचारता.
मग घागरीची दोरी दिसली त्यांना. या गाठी कसल्या?
पितरांच्या. आखाजीला घागर सोडायची. पाण्याला टेकली की दोरी काठाशी कुठवर आली बघायचं. जुन्या गाठीपुढे गेली तर नवी गाठ. पाणी उतरलं म्हणजे पितर रुसून खाली चालले, गाठ मारून त्यांना थोपवायचं. सासू मारायची, मग मी. तिची काथ्याची दोरी कुजली तेव्हा सगळ्या गाठी मापून नायलॉनवर उतरवल्या. गाठ का म्हणून सासूला विचारलं असतं तर पाठीत उलथनं बसलं असतं.
मॅडमनी दोरी अंगणभर पसरली. घागरीकडे सासूच्या गाठी, दाटीवाटीच्या. पुढे माझ्या, लांब लांब. शेवटची पार तुळशीपाशी. "अक्का, विहिरीने रोजनिशी लिहिलीय ही."
इतकी वर्षं एकेक गाठ मारली, सगळी दोरी एकदम कधी पाहिलीच नव्हती. बघत बसले. भाकर करपली.

रवि. २२ मार्च
मॅडम परत. म्हणाल्या, सातपुड्याच्या पायथ्याशी नाला गडप होतो तो तिथल्या गोट्या-वाळूतून खाली उतरतो, मग सावकाश इकडे येतो. "या विहिरीतलं थोडं पाणी तुमच्या लग्नाआधीच्या पावसाचंही असेल, अक्का."
हसले. त्या गेल्यावर तांब्याभर काढून बघितलं. सासूच्या वेळचा पाऊस. जिवंत असताना मी तिला कधी पुरले नाही, आणि ती मला अजून पाजतेय.
अशोकने मॅडमना विचारलं होतं, बोर मारला तर? "तेच पाणी, लवकर संपेल. परत भरेस्तोवर तुमचा नातू म्हातारा होईल." तो जाऊन विहिरीत डोकावून आला. हे नवीन.

मंगळ. १४ एप्रिल
गेल्या पावसाळ्यात ग्रामसभेत ठरलं म्हणून विहिरीशेजारी खड्डा खणला होता. दगड, वर वाळू, त्यातून गाळून पावसाचं वाहून जाणारं पाणी विहिरीत. खणला अशोकनेच, शिव्या देत.
आज ठरवलं. आखाजीला नवी गाठ पडली तर बोर मार, मी अवाक्षर काढणार नाही. नाही पडली तर गाडीवाल्याला नको सांग.
"आन् तू घागर पान्याला टेकूच दिनी नही तं?"
"मग तूच सोड."

रवि. १९ एप्रिल, आखाजी
अशोकने सोडली. "टेकनी." शेवटची गाठ बरोबर काठावर. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. पुन्हा सोडली. तेच.
"पानी वर तं नही ऊनं, माय."
"खाली बी नही गयं."
"नायलॉन ताणास, वल्लं व्हयनं का."
"तुझ्याइतकं नाही."
गेल्या कितीतरी आखाज्यांत एकही गाठीवाचून गेली नव्हती. यंदा पाणी थांबलंय. एका खड्ड्याने. अंगावर काटा आला, उन्हात. घागर वर घेतली, तिच्यावर डांगर ठेवलं, पितरांचं खरबूज, हात जोडले. कुणाला, ते कळेना. पितरांना, का त्या गोट्या-वाळूला.
गाडीवाल्याचा फोन वाजतोय. अशोक फोनकडे बघतो, दोरीकडे बघतो. उचलत नाही, बंदही करत नाही.
दोरी माझ्या हातात. पाणी गाठीवरच थांबलं तर काय करायचं, हे सासूने सांगितलंच नव्हतं.