मला रागावण्याची लेखी मुभा देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : धुलाईघरात मदतनीस म्हणून घेऊन, पर्यवेक्षिकाबाईंना मला रागावण्याची लेखी मुभा देण्याबाबत.
संदर्भ : 'पदाच्या मानाने शिक्षण जास्त' हा आपल्या कार्यालयाचा शेरा.

महोदय,

१. मुलाखतीच्या दिवशी बाकावर शेजारच्या बाई पुटपुटल्या, "चष्मेवाल्यासुद्धा चादरी धुवायला यायला लागल्या. मग आम्ही जायचं कुठं?" मी चष्मा काढून पिशवीत ठेवला. त्यांचे खरे होते. माझी नडही खरी आहे. यजमानांचा कारखाना बंद पडल्यापासून घरात मिळवते कोणी नाही.

२. मी घरीच वाचून इतिहासात एम. ए. झाले. दुकानात, शाळेत, पतपेढीत "तुम्ही इथे टिकणार नाही" म्हणून चहा पाजून परत पाठवतात. चहा पुष्कळ झाला. म्हणून आपल्याकडे सातवीचाच दाखला जोडला. जाहिरातीत तेवढाच मागितला होता.

३. पत्त्याची खातरजमा करायला पर्यवेक्षिकाबाई घरी येणार होत्या. पदवीदानाच्या झग्यातला माझा फोटो मी कपाटामागे सरकवला. पाहुणी येणार म्हणून सासूबाईंनी तो शोधून, काच पुसून, दारासमोर टांगला. "आमची सूनबाई एम. ए. आहे हो. भाजी निवडता निवडता झाली," असे त्यांनी बाईंना कौतुकाने सांगितले. हे कौतुक पोटावर येणार, हे त्या माउलीला कोणी सांगायचे? यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. मी चहा घेऊन दारातच उभी, आणि मान काही वर होईना.

४. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात भिजवायचा, हे मला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते शिकेन. चुकले तर बोलणी खाईन, उलट शब्द काढणार नाही, हे लिहून देते. बाईंना तसा आदेश व्हावा. सवय होईपर्यंत त्या विनाकारण रागावल्या तरी माझी हरकत नाही.

५. ही मागणी आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या दिवशी मी बाईंना जिन्यापर्यंत पोचवायला गेले, तेव्हा कठड्याला धरून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही टिकाल हो. मीच नववी नापास आहे. तुम्हाला 'ही चादर पुन्हा धू' म्हणायची मलाच लाज वाटते."

आपली, ऐकून घेण्यास तयार असलेली,
अर्जदार
(सही)
दिनांक : १४ मार्च

सोबत : सातवीचा दाखला. पदवी जोडलेली नाही.