वरच्या लिमिटची गाठ

सोमवार, ३ तारीख

...पाणी भरलं, कपडे भिजत घातले, डबा भरला. डबा बांधायला निळ्या रेघांच्या जुन्या चादरीची पट्टी फाडली, तर हे म्हणाले, आणखी एक फाड. त्या सकाळची आठवण इथपर्यंत येते आणि पुढे मी तिला येऊ देत नाही. आज पिशवीतून डबा काढताना पुन्हा आली. पुरे.

आजचा दिवस चांगला गेला. नोकरी लागली. कागदाचं तीन मजली गोदाम आहे, तिथली मालाची लिफ्ट चालवायची. मागे राहायला खोली. खिडकीत ऊन येतं, नळाला पाणी आहे. साहेबांनी शिक्षण विचारलं. शाळा नाही, लग्नानंतर पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले, असं खरं ते सांगितलं. त्यांनी भिंतीवरची पाटी वाचायला लावली, 'लिफ्टमध्ये माणसांनी बसू नये.' वाचली. म्हणाले, झालं तर मग, उद्यापासून या.

पॅकिंगच्या बायकांची मुकादम दिवसभर बोलते, म्हणून तिचं नाव रेडिओ. तिने मला पाहताच ऐकवलं, की लिफ्टवाल्या बाई, माल वर पाठवा पण आम्हाला एवढ्यात वर पाठवू नका, घरी पोरं आहेत. सगळ्या हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी.

मंगळवार, ४ तारीख

फिटरने काम शिकवलं. कानावर कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. माझ्याच वयाचा असेल. मला ताई म्हणतो.

प्रत्येक मजल्यावर बटण आहे. ते दाबून धरलं की लिफ्ट चालते, सोडलं की थांबते. पण माणसाचा हात विसरतो, म्हणून सगळ्यात वर लिमिट स्विच. तिसऱ्या मजल्यावर भिंतीत तपासणीची झडप आहे, तिच्यातून त्याने तो दाखवला. मुठीएवढी डबी, बाहेर एक दांडी, दांडीच्या टोकाला चाक. लिफ्ट हद्दीला आली की तिच्या अंगावरची तिरकी पट्टी त्या चाकाला ढकलते, दांडी कलते, आत टेकलेले दोन पत्रे सुटे होतात आणि मोटरची वीज तुटते. टक् असा आवाज येतो. वायर तुटली तरी लिफ्ट थांबतेच, म्हणजे बिघडला तरी माणसाच्या बाजूने बिघडतो. दाराला असाच एक आहे, दार लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दुकानाच्या शटरला, कपडे धुण्याच्या यंत्राच्या झाकणाला, क्रेनला, सगळीकडे हाच.

क्रेनला असतो हे मला माहीत होतं.

नियम असा, की रोज सकाळी रिकामी लिफ्ट वर न्यायची, झडपेशी उभं राहून टक् ऐकायचं, मगच काम सुरू. टेस्टर म्हणाला, ताई, याला फसवायचा एकच मार्ग आहे. दांडी मागे ओढून बांधायची. मग चाकाला काही लागतच नाही, आणि तो आपला सगळं ठीक आहे असं सांगत बसतो.

गुरुवार, ६ तारीख

आज टक् झालं नाही. लिफ्ट हद्दीच्या वर चार बोटं गेली तेव्हा मी बटण सोडलं.

झडपेतून पाहिलं. दांडी मागे ओढलेली, कापडाच्या पट्टीने बांधलेली. निळ्या रेघा. गाठ डब्याची – दोन वेढे आणि एक टोक उजवीकडून आत खोचलेलं. अशी गाठ मी बांधते. हे डावखुरे होते, त्यांची डावीकडे वळायची. त्यावरून आमची रोज थट्टा चाले.

ती चादर मी यांच्या दहनानंतर दुसऱ्याच दिवशी स्वतः जाळली होती.

पट्टी सोडून ओच्यात लपवली. लपवायची काय गरज होती, ते मलाच ठाऊक.

शनिवार, ८ तारीख

काल दोन पट्ट्या होत्या, आज पुन्हा दोन. सोडल्या, जाळल्या, मगच माल चढवला.

जेवताना रेडिओने टेस्टरला छेडलं, की एवढा हुशार माणूस या गोदामात काय करतोस. त्याने हसतच सांगितलं. आधी मोठ्या यार्डात होता. क्रेनच्या लिमिटला कोणीतरी चिंधी बांधली, हूक वर आपटला, दोर तुटला, खाली बटण धरून उभा असलेला क्रेनवाला माल अंगावर पडून जागीच गेला. चौकशीत त्याच्या बायकोने सांगितलं, कापड आमच्या घरचं नाही. मग उरला कोण? फिटर. त्याची नोकरी गेली. ती बाई कोण, कशी, त्याने पाहिलं नव्हतं. म्हणाला, नवरा गेलेली बाई खोटं कशाला बोलेल, म्हणून सगळ्यांनी मानलं. मीही मानलं, म्हणाला.

मी डबा झाकला.

आता लिहून टाकते. तो क्रेनवाला म्हणजे हे. यांच्या क्रेनचा लिमिट वेळेआधीच टक् करायचा, माल अर्ध्यावर लटकायचा, घरी यायला उशीर व्हायचा. मीच म्हणाले होते, बांधून टाका की मेल्याला, एक दिवस तरी लवकर या. पट्टी मी फाडली. त्यांच्या उजव्या हाताला लागलं होतं म्हणून पट्टीचं एक टोक त्या मनगटाशी दाबून डाव्या हाताने गाठ कशी घालायची तेही मीच दाखवलं. आणि चौकशीत खाली बघून नाही म्हणाले.

सोमवार, १० तारीख

माझ्याआधी साहेब झडपेशी. पट्टी त्यांच्या हातात. कोणी बांधली म्हणून विचारलं. सगळ्यांनी टेस्टरकडे पाहिलं. त्याने कानावरचा टेस्टर काढून खिशात ठेवला, जणू आता लागणार नाही.

मीही त्याच्याकडेच पाहिलं. तोंड उघडलं होतं. शब्द –

साहेब त्याला म्हणाले, बुधवारी दोराला ग्रीस लाव आणि हिशोब घेऊन जा.

मंगळवार, ११ तारीख

तीन पट्ट्या. सोडल्या. पाठ वळवली, पुन्हा तीन.

ग्रीस लावायला तो लिफ्टच्या छपरावर उभा राहणार. डोकं आणि वरची तुळई यांच्यामध्ये फक्त ती दांडी. खाली बटण धरायला मी –

उद्या सांगेन. चौकशीच्या वेळीही मी असंच म्हणत होते, उद्या सांगेन. उद्या –

दुपारी पुन्हा पाहिलं. चार. गाठी सगळ्या उजव्या. माझ्या.

बुधवार, १२ तारीख

सांगितलं. तो छपरावर चढण्याआधी, साहेबांसमोर, बायकांसमोर. यार्डातली पट्टी माझी. ती बायको मी. मी खोटं बोलले.

टेस्टरने माझ्याकडे पाहिलं. ताई म्हणाला नाही. मग खाली बसला, आणि रेडिओने त्याला पाणी दिलं.

मग मी मेन स्विच बंद करायला लावला आणि स्वतः झडपेतून हात घातला. चारही गाठी सोडल्या. वीज सुरू करून लिफ्ट वर नेली. टक्. सगळ्यांनी ऐकलं.

साहेबांनी लिहून द्यायला सांगितलं. दिलं. यार्डात पाठवणार आहेत. सामान आवरायलाही सांगितलं.

आता खोलीत आहे, भर दुपार. जेवून निघावं म्हणून पिशवीतून डबा काढला. सकाळी नुसतं झाकण लावलं होतं, आता मी डबा बांधत नाही.

बांधलेला आहे. निळ्या रेघा. टोक डावीकडून खोचलेलं, यांच्या हातचं –

मी गाठ सोडली. झाकण अजून गरम आहे. आत –