मिनासेबाईंचे श्वास

११ जानेवारी, बॉथेल (सिॲटलजवळ)

एकदाचं घर लागलं. ट्रॉयचं जुनं घर सोडताना गॅरेजसमोर गुडघाभर बर्फ होता. इथे नुसता पाऊस, तोही इतका बारीक की छत्री उघडली तर लोक वळून बघतात. शंतनू गेल्या सोमवारी रेडमंडच्या नव्या नोकरीत रुजू झाला. खोकी अजून हॉलमध्येच पडली आहेत, पण तानपुऱ्याचं खोकं मी सगळ्यांत आधी उघडलं आणि मिसळणाच्या डब्याचं त्यानंतर. त्यावरून शंतनूने दिवसभर चिडवलं.

शेजारी सरलाकाकू राहतात, मूळच्या नागपूरच्या. पहिल्याच दिवशी गरम सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घेऊन आल्या आणि केयाला शाळेतून आणायचं काम परस्पर स्वतःकडे घेऊन मोकळ्या झाल्या. मी आढेवेढे घेतले तर म्हणाल्या, तू जॉब कर ना बाई, पोरीला मी पाहते, काहून टेन्शन घेऊन राहिली. केया सात वर्षांची आहे. ती काकूंशी इंग्रजीत बोलते, काकू तिच्याशी नागपुरीत, आणि दोघींचं उत्तम जमलंय.

उद्यापासून मीही कामावर. कामाच्या परमिटची वाट बघत इतकी वर्षं घरी काढल्यावर स्वतःचा डबा भरण्यात काय सुख असतं, ते शंतनूला नाही कळायचं.

१३ जानेवारी

ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. मालक डॅरिल साठीचा आहे, भला माणूस, शर्टावर कायम कॉफीचा डाग. जुन्या जपानी कार्टून मालिका स्वच्छ करून नव्याने डिस्कवर आणायच्या, हा त्याचा धंदा. चित्रं तो बघतो, आवाज माझ्याकडे.

पहिलं काम आहे ‘नोनोचं दीपगृह’. चंद्रावरच्या दीपगृहात एकटी राहणारी मुलगी वाट चुकलेल्या यानांना दिवा दाखवते, अशी पन्नास वर्षांपूर्वीची मालिका. तिचं शीर्षकगीत मिनासे हारुए नावाच्या बाईंनी गायलंय. डॅरिल सांगत होता, त्या काळी अशा गायिकांच्या हातात सकाळी कागद पडायचा, वाद्यवृंदासोबत उभ्याउभ्या गाणं व्हायचं आणि दुपारी बाई घरी. देशातल्या प्रत्येक पोराला आवाज पाठ, चेहरा कुणालाच माहीत नाही. मिनासेबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, कोबेला असतात, आणि मार्चमध्ये सिॲटलच्या कार्टून संमेलनाला पाहुण्या म्हणून यायच्या आहेत. डॅरिल आत्तापासूनच नवा शर्ट घ्यायचं म्हणतोय.

मूळ टेप इतकी जुनी की तिचा लेप चिकट झालाय. तशीच लावली तर सोलून निघेल, म्हणून आधी मंद आचेवर भाजायची. डॅरिल त्यासाठी फळं वाळवायचं यंत्र वापरतो. आपल्याकडे गच्चीत पापड, यांच्याकडे टेपा. भाजलेली टेप एकदाच नीट वाजते, असं धरून चालायचं.

ती वाजली आणि मी पेन खाली ठेवलं. काय आवाज आहे. पहिल्या शब्दाआधी एक श्वास, ओळी-ओळींमध्ये छोटे, आणि शेवटचा लांबलचक सूर सुटल्यावर एक मोठ्ठा, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा.

२० जानेवारी

गाणं झालं. खरखर गेली, मागची घरघर गेली. उरले बाईंचे श्वास.

गाणं वापरायची परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती, की श्वासांना हात लावू नये. डॅरिलने मला ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. पण पुण्यात आमच्या शोभनाताईंकडे गाणं शिकताना श्वास ऐकू आला की त्या तानपुरा थांबवायच्या आणि नुसत्या बघायच्या. श्वास असा घ्यावा की समोरच्याला पत्ता लागू नये, हे माझ्या हाडात मुरलंय. मला वाटलं, म्हातारं माणूस, संकोचाने म्हणत असेल, माझ्यासाठी उगाच खटाटोप नको. मग मी तांदळातले खडे निवडावे तसे एकेक श्वास निवडून काढले. आता गाणं एकसंध झालंय, कुठे सांधा म्हणून दिसत नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

डॅरिलला फरक कळला नाही. ऐकताना त्याचे डोळे भरून आले. त्याने फाइल लगेच कोबेला पाठवली आणि मी एक प्रत केयासाठी घरी आणली.

२५ जानेवारी

केयाला चार दिवसांत गाणं पाठ. अर्थ कळत नाही, पण उच्चार असे की ऐकत राहावं. आज तिला खुर्चीवर उभं करून माझ्या आईसाठी व्हिडिओ काढला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या सुरापर्यंत पोरगी कुठे अडखळली नाही. या वयात हा दमसास मी कुणाचा ऐकलेला नाही. मी स्वतः तिसरीत असताना दोन ओळींत धापा टाकायची. शंतनू म्हणाला, चला, आईचं काहीतरी घेतलं म्हणायचं.

२७ जानेवारी

पुण्याहून आईचा फोन आला. गाणं छान झालं म्हणाली. मग म्हणाली, अगं, पण ती श्वास कुठे घेते?

ऑफिसात हेडफोन लावून व्हिडिओ ऐकला. हे तर माझं रोजचंच काम आहे. पहिल्या शब्दाआधी काही नाही. ओळींमध्ये काही नाही. चित्र थांबवून थांबवून पाहिलं, तिची छाती हलत नाही. शेवटचा सूर संपतो आणि मी शाब्बास म्हणते, तिथे व्हिडिओ संपतो.

उगाच काहीतरी मनात आणते आहे. फोनचा माइक कच्चा असेल.

३० जानेवारी

दुपारी सरलाकाकूंचा फोन. शाळेतून येताना केया गाडीत गात होती आणि गाता गाता मान टाकली. काकूंनी गाडी कडेला घेऊन तिला हलवलं, तेव्हा शुद्धीवर आली. मी पोचले तर ती मजेत बिस्किटं खात होती आणि काकू तिला मांडीवरून उतरू देत नव्हत्या.

तिला तडक डॉक्टरकडे नेलं. फुप्फुसं साफ आहेत. काही मुलं श्वास धरून ठेवतात, मोठी झाली की सोडतात, म्हणाले. मध्येच केया ते गाणं गुणगुणायला लागली आणि बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरत गेला. नर्स म्हणाली चिमटा सैल आहे, तिने दुसरा लावला. तोही घसरला. मी केयाच्या तोंडावर हात ठेवला. हाताखाली गाणं चालूच होतं.

परत येताना तिला विचारलं, तू गाताना श्वास का घेत नाहीस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, देअर इज नो प्लेस टू, आई.

२ फेब्रुवारी

कोबेहून मिनासेबाईंच्या भाचीची मेल आली. डॅरिलने मला समोर बसवून वाचून दाखवली.

बाईंनी आमची फाइल ऐकली, पुन्हा लावायला सांगितली आणि विचारलं, माझे श्वास कुठे गेले? त्याच दिवसापासून त्या हॉस्पिटलमध्ये आहेत, श्वासाच्या मशीनवर. मास्क बाजूला करून त्यांनी भाचीकडून लिहवून घेतलं, की त्या गाण्यात संगीतकाराने श्वासाला जागाच ठेवलेली नव्हती. विनवण्या केल्या तरी त्याने ऐकलं नाही. मागे लहान मुलांचा कोरस उभा होता आणि तालमीत ती मुलं पांढरी पडत चालली होती. म्हणून बाईंनी ध्वनिमुद्रणात ओळी तोडून, मोठ्याने, मुद्दाम श्वास घेतले. मुलं गाणाऱ्याबरोबर गातात, गाणारा श्वास घेईल तिथेच घेतात. टीव्हीसमोरची सगळी मुलं माझ्या श्वासांवर गायली, असं त्या म्हणाल्या.

डॅरिलने शांतपणे विचारलं, मी ते काढलेत का. मी हो म्हटलं. टेपवरून उतरवलेली मूळ प्रत माझ्याकडे आहे, उद्या परत घालते असंही म्हटलं. तो रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी

मूळ प्रत उघडली. खरखर आहे. घरघर आहे. श्वासांच्या जागी काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

टेप पुन्हा लावली. लेप सुटून यंत्रात तपकिरी भुकटी साठली. मी ती बोटाने गोळा करत बसले. माझ्या अतिशहाणपणाला काय म्हणावं.

५ फेब्रुवारी

टॅबलेट काढून घेतला, फाइल पुसली. उपयोग नाही. केया गाणं सुरू करत नाही, ते सुरू होतं. जेवताना, दात घासताना. घास तोंडात असताना. शंतनू आधी हसत होता. आज त्याने तिला गदागदा हलवलं आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन रडला.

डॅरिलने बाईंच्या दुसऱ्या एका गाण्यातले श्वास आणून दिले. ते घातले. ऐकताना ती जागा मुकीच राहते. शंतनूचा श्वास घेऊन पाहिला. तोही टिकला नाही.

शेवटी मीच माइकसमोर बसले. मनात गाणं धरलं आणि पहिल्या शब्दाआधी श्वास घेतला. तो राहिला. ऐकू येतोय.

संध्याकाळी गाणं सुरू होताना केयाने श्वास घेतला. फक्त सुरुवातीचा. पण घेतला. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती वैतागली.

७ फेब्रुवारी

ऑफिसातून माइक आणि कामाचा लॅपटॉप घरी आणला, ओळींमधले दोन घातले. केयाचा रंग सुधारलाय.

आज ऑफिसचा जिना चढताना मध्येच बसावं लागलं. तानपुरा घेतला, षड्ज धरला. धरला म्हणजे काय, लागायच्या आतच संपला. दिलेला श्वास परत येत नाही. शंतनूला अजून सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी

आणखी दिले. केया दोन घास जास्त जेवली. शाळेत उड्या मारल्या म्हणे.

मला एक वाक्य पुरं बोलता येत नाही. काकू म्हणतात दमा दिसतो, आल्याचा रस घे. घेतला.

शंतनूला कळलं. त्याने माइक लपवला. मला भांडायलाही दम नाही — पाटीवर लिहून भांडले. केयाच्या पाटीवर.

१२ फेब्रुवारी

मिनासेबाई गेल्या.

भाचीने लिहिलंय, मशीन शेवटपर्यंत चालू होतं — हवा आत जात नव्हती. डॅरिलने मेल पुढे पाठवली.

शंतनूने माइक परत आणून दिला. 

१३ फेब्रुवारी

ओळींमधले सगळे घालून झाले. राहिला शेवटचा. लांब सुरानंतरचा, मोठा.

मी तो टाळते आहे. भीती वाटते. हे कुणाला सांगायचं — केया रंगवत बसली आहे. चंद्र जांभळा केलाय.

१४ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

लिहिते आहे कारण बोलता येत नाही. शंतनू, हे तुझ्यासाठी.

गाणं सुरू झालं. केयाने माझे सगळे श्वास घेतले, एकेक ओळखू आला — आता शेवटचा सूर धरलाय. सुटत नाही. पुढचा श्वास असल्याशिवाय तो सुटायचा नाही.

ओठ निळे. तू फोनवर पत्ता सांगतो आहेस. ॲम्ब्युलन्स येईलच — पण ती याला काय करणार

काकूंना सांग त्यांची चूक नाही. डॅरिलला सांग फाइल पुसू नकोस, कधीच. तिला गाऊ दे. शोभनाताईंकडे पाठवू नकोस. श्वास ऐकू आला तर येऊ दे —

माइक सुरू केलाय. घेते.

घातला.

तिने घेतला. मोठ्ठा. सूर सुटला — गाल लाल होतायत — रडतेय, मोठ्याने, छान

मला हाक मारतेय. आई, आई. बाकी सगळं इंग्रजीत, एवढं मराठीत

ओ द्यायचीय तिला. पण त्याआधी एक