उद्याचा रकाना

प्रिय सुनंदा,

प्रिय लिहायची मला सवय नाही. तू सून म्हणून घरात आलीस तेव्हापासून कधी तोंडाने म्हटलं नाही. पण पत्राला लागतं म्हणे, म्हणून लिहिलं. लगेच हुरळून जाऊ नकोस.

अक्षर वाकडं दिसलं तर स्वतःला बोल. दुसरीत सुटलेली माझी शाळा तूच पुन्हा सुरू केलीस. भाकरीच्या पिठात बोटाने अ काढायला लावलास. तेव्हा मी म्हटलं होतं, म्हातारीला शिकवून काय पत्रं लिहायला लावतेस? घे, लिहितेय. आणि लिहितेय कुणाला, तर तुला!

तुझी अश्विनी शुक्रवारपासून उठली नाही गं. धडगावच्या या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. आज रविवार. राजीनामा लिहून उशाखाली ठेवलाय, उद्या ऑफिस उघडलं की देणार. तुझ्या नवऱ्याला गावी फोन केला, तर म्हणतो, "आराम करू दे तिला." त्याला काय कळतंय! मला काही सुचत नाही, सुनंदा. माझी जीभ कधी अडकली आहे का? आज अडकली.

काय झालं ते सांगते. जूनपासून तिच्याकडे शाळेचा चार्ज आला. तुझ्यासारखीच मोठी बाई झाली, मुख्याध्यापिका. मी पेढे वाटले, ते जाऊ दे. तिने पहिल्याच सभेत पाड्यावरच्या लोकांना ठणकावलं, होळी असो की काही असो, पोरं शाळेत पाहिजेत.

आणि पोरं आली! होळीच्या दिवसांत डोंगरातली माणसं नवसाची पालनी धरतात, ते तुला माहीत आहे. अंगाला राख, वर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे, आणि तितके दिवस अंगाला पाणी लावायचं नाही. सातवीतली पाच पोरं तशीच पाळणूक सांभाळत, अनवाणी चालत शाळेत आली. बाईंनी सांगितलं होतं ना, म्हणून आली. त्याच दिवशी साहेब तपासणीला येणार होते. हिने पोरांना हातपंपावर नेलं आणि म्हणाली, धुवा. ती गप्प उभी राहिली. हिला वाटलं, माज करतात. हिने स्वतःच्या हाताने बादली ओतली त्यांच्या अंगावर. पाचही जणांच्या.

साहेब तर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्या पाड्यावरचं एकही पोर शाळेत नाही. तेवीस पोरं! घरी येऊन ही मला म्हणते, "आजी, साहेब येणार व्हतात. मन्हं काय चुकनं?"

आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? "काही नही चुकनं. राख फासीसन शाळामा येस का कोणी?"

मी म्हटलं हे! जन्मभर तुझी भाजी खारट, तुझा पदर ढळलेला, तुझं बोलणं मोठं, सगळं सगळं काढलं मी. आणि जिथे खरी चूक होती तिथे नातीची पाठ थोपटली. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तुझी ती संध्याकाळची खोड आठवते. शाळेतून यायचीस, पाय धुवायचीस आणि ओट्यावर वही घेऊन बसायचीस. पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'चुकलं', उजवीकडे 'उद्या'. आणि मोठ्याने बोलत लिहायचीस, मला भाजी निवडू द्यायची नाहीस नीट. मी म्हटलं होतं, "चुका काढायला सासू आहे ना घरात! सरकार वेगळा पगार देतं का तुला याचा?"

तू हसलीस. "आत्याबाई, तुम्ही माझ्या भाजीतल्या काढता. शाळेतल्या माझ्या मला काढाव्या लागतात. मोठ्या बाईला कोण सांगणार तिचं चुकलं म्हणून?"

खरंच गं, कोण सांगणार? हाताखालचे मास्तर भितात, पोरं भितात, पाड्यावरची माणसं तर बोलतच नाहीत, येणं बंद करतात.

तुझं फाटकाचं मला पाठ आहे. प्रार्थनेनंतर आलेल्या पोरांना तू बाहेर उभं केलंस. संध्याकाळी डाव्या रकान्यात लिहिलंस, 'फाटक लावलं. का उशीर झाला ते विचारलं नाही.' दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांच्याबरोबर पाड्यावरून चालत गेलीस. पायाला फोड आणलेस घरी! आणि प्रार्थना अर्ध्या तासाने पुढे ढकललीस. मास्तरांच्या बैठकीतही म्हणे तू आधी आपली चूक वाचायचीस, मग कुणाचं काय चुकलं ते विचारायचीस. मला तेव्हा वाटायचं, ही बाई स्वतःच्या हाताने स्वतःचं हसं करून घेते. पण तुझ्या हाताखालचे मास्तर तुझ्या माघारी तुझ्याबद्दल वाईट बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. आणि मी कान लावून असायचे, बरं का.

गुरुवारी अश्विनी पाड्यावर गेली, पोरांना बोलवायला. तिला वाटलं, भांडतील. कुणी भांडलं नाही. खाटेवर बसवलं, पाणी दिलं. एक म्हातारी तेवढी बोलली, "बाई, पाणी ओतायच्या आधी विचारायचं ना."

एवढंच. त्या एका वाक्याने पोरगी मोडली. आधी म्हणत होती, माझं काहीच चुकलं नाही. आता म्हणते, माझं सगळंच चुकलं, मी या खुर्चीच्या लायकीची नाही. दोन्ही सारखंच की! दोन्हीत उद्या पोरं शाळेत येत नाहीत. चूक काय देव्हाऱ्यात ठेवून रडायची वस्तू आहे? तू उजवा रकाना भरल्याशिवाय जेवायला उठत नव्हतीस. हिचा उजवा रकाना राजीनाम्याने भरणार का गं?

आता जे सांगायचं ते सांगते.

काल दुपारी भिंतीकडे तोंड करूनच ती बोलली, "आजी, आईन्या वह्या कोठे शेतस?"

मी म्हटलं, "वाळवी लागनी."

खोटं. सुनंदा, तुझ्या वह्या मी जाळल्या. तुझं तेरावं झालं, पाहुणे घरात होते, कुणीतरी तुझी पेटी उघडली आणि वही चाळायला लागलं. माझ्या सुनेच्या चुका परक्याने का वाचाव्यात? मी हिसकावल्या आणि सगळ्या बंबात घातल्या. त्याच पाण्याने पाहुण्यांनी आंघोळी केल्या. मला वाटलं, तुझी अब्रू राखली. डाव्या रकान्याचीच लाज वाटली मला. उजवा मी पाहिलाच नाही. तुझ्या पोरीची वाटेची शिदोरीच मी जाळली गं!

तू असतीस तर काय केलं असतंस? वही पुढे सरकवली असतीस.

तेव्हा ऐक, वचन देते. ती उठली की खरं सांगते, वाळवी नव्हती, मी होते. शिव्या देईल तर खाईन. वह्या गेल्या, पण तू मोठ्याने बोलत लिहायचीस आणि माझे कान अजून शाबूत आहेत. आठवतंय तेवढं सगळं तिला सांगेन, रोज संध्याकाळी, भाजी निवडता निवडता. आणि उद्या सकाळी ती ऑफिसात जायला निघाली की मी जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसणार. पाड्याकडे जाणाऱ्या जीपच्या. गुडघे मोडले तरी चढेन. तिला यावंच लागेल, म्हातारीला एकटी कशी सोडेल? तिथे त्या पाच पोरांच्या आयांपुढे आधी मी माझी चूक बोलणार, मग ती तिची. आणि मोडलेली पालनी कशी सांधायची, ते आम्ही दोघी त्यांनाच विचारणार. सांगणार नाही, विचारणार!

ऐकतील का, माहीत नाही. उशाखालचा कागद ती फाडेल का, तेही माहीत नाही.

सकाळी दुकानातून नवी वही आणली. मधोमध रेघ मारली, वाकडी आली. पहिलं पान माझं.

चुकलं : सुनेच्या वह्या जाळल्या. नातीला खोटं सांगितलं.
उद्या : आज.

ती कूस बदलतेय. उठते मी.

तुझी भांडकुदळ सासू